कोर्टात गेलेल्या बाईला "मिटवून टाक" म्हणायची घाई करू नका

नमस्कार. समोर अंगणवाडीच्या ताई आहेत, बचतगटाच्या बायका आहेत, मागे कॉलेजच्या मुली बसल्यात आणि दोन-तीन भाऊ पण आलेत बहिणीला घेऊन. बघून बरं वाटलं, कारण कोर्टात बाई जेव्हा उभी राहते ना तेव्हा तिच्या शेजारी कोण बसलंय याने फार फरक पडतो.

आपल्याकडे म्हणतात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पण जिच्यावर घरातच हात उठतो ती काय हौसेने चढते का पायरी? तोवर भावकीची बैठक होऊन गेलेली असते, पोलीस स्टेशनला एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झालेली असते, दोनदा माहेरी येऊन परत नांदायला गेलेली असते, आणि सगळं करून काहीच बदललं नाही म्हणून ती तिथे येते. आणि तिथे पण पहिल्या तारखांना काय ऐकू येतं, तर बघा काही मिटतंय का. मला आज या "मिटतंय का" बद्दलच बोलायचंय.

फॅमिली कोर्टाचा कायदा १९८४ चा, आणि महाराष्ट्रात पुण्याला आणि मुंबईला ही कोर्टं सुरू झाली १९८९ मध्ये. हेतू चांगला होता. नवरा-बायकोची भांडणं दिवाणी कोर्टात जमिनीच्या दाव्यासारखी वर्षानुवर्षं पडून राहू नयेत, वातावरण जरा मोकळं असावं, म्हणून समुपदेशक आणले, वकील सुद्धा हक्काने नाही तर कोर्टाच्या परवानगीने. आणि कायद्यातच लिहून ठेवलंय की कोर्टाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा. ज्या जोडप्याचं सासूवरनं, पैशावरनं, एकमेकाला वेळ न देण्यावरनं बिनसलंय त्यांना याचा खरोखर उपयोग होतो, मी स्वतः बघितलेत संसार परत उभे राहिलेले. पण समेट दोन बरोबरीच्या माणसांत होतो हो. एक माणूस दुसऱ्याला घाबरत असेल तर तिथे जे होतं त्याला समेट नाही म्हणत.

समुपदेशकाची खोली कशी असते सांगते. एक टेबल, पलीकडे मॅडम किंवा सर, अलीकडे दोन खुर्च्या, शेजारी शेजारी. एका तारखेला आमच्याकडची एक ताई बसली होती, नवरा शेजारी. त्याने आवाज चढवला नाही, काही नाही, अगदी शांत, "मॅडम मी न्यायला तयार आहे, तिनेच काय ते सांगावं". आणि बोलता बोलता घराच्या किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि एक किल्ली बोटाने फिरवत बसला. त्याच किल्लीने तो तिला बाहेरून कुलूप लावून कामावर जायचा. खोलीत ते फक्त तिला माहीत होतं. ती गप्प झाली, मान खाली, विचारलं जायचंय का तर "हो" म्हणाली. आता समोरच्या माणसाला काय दिसलं? नवरा तयार, बायको तयार, झालं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती थरथरत होती, म्हणाली ताई मला नाही जायचं. मग आम्ही त्याच दिवशी अर्ज लिहून दिला की मला वेगळं भेटायचंय, त्याच्या समोर मी बोलू शकत नाही.

हे करता येतं, हे बायकांना कुणी सांगतच नाही. मला त्याच्यासोबत एका खोलीत बसवू नका, आधी माझं एकटीचं ऐका, हे समुपदेशकाला सांगता येतं आणि लेखी देता येतं. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, लेखी दिलेल्याची पोच मिळते. सुनावणी बंद खोलीत व्हावी असं दोघांपैकी एकाने जरी मागितलं तरी फॅमिली कोर्टाने ते करायचं असतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, बाईला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, बाई आहे एवढं पुरेसं आहे. कोर्ट फी पण नाही, आपल्या राज्यात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट, मारहाण, मालमत्ता असल्या केसेसमध्ये बायकांना ती माफ आहे. तरी अजून कुणी कुणी फीच्या नावाने पैसे मागतात, तेव्हा विचारा कशाची पावती मिळणार.

आता दुसरं, आणि इथे बहुतेकींचा गोंधळ होतो. कोर्टाची दारं दोन आहेत. घटस्फोट, मुलांचा ताबा, पोटगी हे फॅमिली कोर्टात, आणि जिथे फॅमिली कोर्ट नाही तिथे काही जिल्ह्याच्या कोर्टात काही मॅजिस्ट्रेटकडे. आणि घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा, आपण सगळे डीव्ही म्हणतो तो, त्याचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे म्हणजे तालुक्याच्या कोर्टात पण करता येतो. बाई आत्ता जिथे राहते तिथे, माहेरी असेल तर माहेरच्या तालुक्यात, मैत्रिणीकडे असेल तर तिथल्या. या कायद्यात घटस्फोट मागावा लागत नाही, हे लक्षात घ्या, खूप जणींना संसार मोडायचा नसतो, मार थांबवायचा असतो. मारू नको, घराच्या आसपास येऊ नको असा संरक्षण आदेश, घरातून काढू नको असा निवासाचा आदेश, खर्चाला पैसे, मुलं तात्पुरती माझ्याकडे, नुकसानभरपाई, सगळं एका अर्जात मागता येतं. आणि फॅमिली कोर्टात केस आधीच चालू असेल तर हेच सगळं तिथे सुद्धा मागता येतं, दोन ठिकाणी हेलपाटे घालायची गरज नाही. नुसती बायकोच नाही, मुलगा मारतो अशी आई, भाऊ घरातून काढतो अशी बहीण, लग्न न करता सोबत राहणारी, सगळ्यांना हा कायदा लागू आहे.

घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सासरे म्हणतात घर माझं आहे, तुझ्या नवऱ्याचं काहीच नाही, चल नीघ. पूर्वी कोर्टात हे चालायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सतीश चंदर अहुजाच्या केसमध्ये सांगितलं की घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सून तिथे नांदत होती तर ते तिचं पण सामायिक घर ठरू शकतं. म्हणजे मालकी मिळते असं नाही, पण उचलून रस्त्यावर ठेवता येत नाही, कोर्टाकडूनच काय ते व्हायला लागतं.

कायद्यात लिहिलंय की डीव्हीच्या अर्जाची पहिली तारीख तीन दिवसात आणि निकालाचा प्रयत्न साठ दिवसात. मी इथे खोटी आशा देणार नाही, साठ दिवसात निकाल लागलेला फार क्वचित दिसतो, वर्षं जातात. समन्स लागत नाही, तो पत्ता बदलतो, साहेब रजेवर, वकिलांचा संप, बोर्डावर नंबर ऐंशीवा, संध्याकाळी पाचला कळतं पुढची तारीख. आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, एसटीचं भाडं गेलेलं असतं. म्हणून पहिल्याच अर्जासोबत अंतरिम अर्ज, म्हणजे निकालाआधी तात्पुरता आदेश मागणारा अर्ज, जोडा म्हणजे जोडाच. धोका असेल तर समोरचा हजर नसताना सुद्धा मॅजिस्ट्रेट तुमच्या प्रतिज्ञापत्रावर तात्पुरता आदेश देऊ शकतात. निकालाची वाट बघत बसलात तर तोवर जगायचं कशावर?

आणखी एक डाव असतो. तुम्ही डीव्ही केली की थोड्याच दिवसात तिकडून नोटीस येते, "नांदायला यावं". हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. माहेरचे घाबरतात, नाही गेलो तर केस हरू, पोटगी मिळणार नाही. घाबरायचं नाही आणि नोटीस टेबलाखाली पण टाकायची नाही, हजर व्हायचं आणि लिहून द्यायचं की मी का जात नाही, कोणत्या तारखेला काय झालं. पोलीस पकडून सासरी नेऊन सोडतील असं काहीही होत नसतं.

तारखेला काय झालं, हे म्हटलं ना मी, ते सगळ्यात महत्त्वाचं. बाई सांगते "तो नेहमी मारतो". खरं असतं ते, पण कोर्टाला "नेहमी" कळत नाही, कोर्टाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्री, कपाळावर, तीन टाके, ग्रामीण रुग्णालय, हे कळतं. तारीख आठवत नसेल तर सण आठवा, मुलाची परीक्षा आठवा, आपली बाई तशीच लक्षात ठेवते आणि ते चालतं. दवाखान्यात गेलात की पडले म्हणून सांगू नका, डॉक्टरला खरं सांगा म्हणजे ते केसपेपरवर येतं. मुंबईत बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० सालापासून दिलासा केंद्र याचसाठी आहे, की जखमेवर पट्टी करतानाच बाईला कुणीतरी नीट विचारावं. पोलीस स्टेशनमध्ये महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, हा १९८४ मध्ये मुंबईत पोलिसांसोबत सुरू झाला आणि आता राज्यभर आहे, तिथल्या ताई अर्ज लिहायला मदत करतात. मेसेज डिलीट करू नका, मूळ फोन जपा आणि एक कॉपी बहिणीकडे ठेवा. कॉल रेकॉर्डिंगचं पण विचारतात, तर जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नवरा-बायकोच्या केसमध्ये चोरून केलेलं रेकॉर्डिंग सुद्धा पुरावा म्हणून बघता येतं. मात्र तो फोन तपासत असेल तर आधी स्वतःचा जीव, मग पुरावा.

पैशाचं बोलूया. नवरा म्हणतो मी बेकार आहे. दोन गाड्या दारात आणि कोर्टात बेकार. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलं की पोटगीच्या केसमध्ये दोघांनी पण उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. दोघांनी, म्हणजे तुम्ही पण. शिवणकाम करत असाल तर लिहा शिवणकाम, लपवलेलं निघालं की तुमच्या खऱ्या गोष्टीवर सुद्धा विश्वास बसत नाही. त्याचं काय काय आहे ते मात्र तुम्हालाच माहीत असतं, कोणत्या बँकेत खातं, सातबारावर नाव आहे का, कुणाच्या नावाने टेम्पो चालवतो, हे वकिलाला बसून सांगा.

मुलांच्या भेटीबद्दल मला जरा जास्त वेळ बोलायचंय कारण तिथे कुणाचं लक्ष जात नाही. केस लागल्यावर मारहाण थांबते असं आपल्याला वाटतं. पण दर पंधरा दिवसांनी मुलाला भेटायचा आदेश असतो, आणि मग मूल घ्यायला-द्यायला आल्यावर धमक्या, पाठलाग, नवीन पत्ता शोधणं, मुलाच्या तोंडून निरोप, "पप्पा म्हणाले तुला बघून घेतो". सात वर्षांचं पोरगं हे घरी येऊन सांगतं. बापाला मूल भेटू नये असं मी म्हणत नाही, बऱ्याच मुलांना बाप हवा असतो. पण भेट कुठे व्हावी हे आदेशात लिहून घेता येतं, कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत, समुपदेशकांसमोर, मूल नेऊन देणारा मामा किंवा आजी, आई नाही. हे सगळं मागावं लागतं, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आणि धमकी दिली तर त्या दिवशीच कोर्टात अर्ज, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आता नातेवाईकांनो, तुमच्याशी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं की हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली. म्हणजे जी कोर्टापर्यंत आली ती फार लांबून चालत आलीये. तिसऱ्या-चौथ्या तारखेला आपणच थकतो आणि म्हणतो, दोन लाख देतोय ना, घे आणि सही करून टाक. तडजोड वाईटच असते असं अजिबात नाही, कधी कधी तीच शहाणपणाची असते. पण तिची असली पाहिजे. सहमतीच्या अटी घरी आणा, रात्री मोठ्याने वाचा. स्त्रीधन परत कधी, कोणत्या तारखेला? मुलांच्या शिक्षणाचा खर्च? सगळ्या केसेस मागे घ्यायच्या असं लिहिलंय आणि पैसे मात्र नंतर, असं तर नाही ना? पैसे कोर्टात जमा झाल्याशिवाय केस मागे घेऊ नये. आणि सहमतीच्या घटस्फोटात पहिली सही झाली तरी शेवटचा हुकूम होईपर्यंत तिला मागे फिरता येतं, हे तिला कुणीतरी सांगून ठेवा.

आदेश मिळाला की लढाई संपली असं समजून बायका घरी बसतात, म्हणून जाता जाता हे. डीव्हीच्या आदेशाची प्रत फुकट मिळते. एक प्रत पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्या, एक माहेरी, एकाचा फोटो फोनमध्ये. संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, तेव्हा ठाणे अंमलदार "हे कोर्टाचं मॅटर आहे" म्हणाले तर आदेश पुढे करा आणि तक्रार लेखी द्या. नवरा नोकरीत असेल तर पोटगी थेट पगारातून कापून पाठवायचा आदेश मागा. नसेल आणि थकवली तर वसुलीचा अर्ज करा, आणि मॅजिस्ट्रेटकडची किंवा फॅमिली कोर्टातली दरमहा पोटगी असेल तर वर्षाच्या आत करा, कारण त्याहून जुन्या थकबाकीला मग अडचण येते. ज्यांची पोटगी आत्ता थकलेली आहे त्यांनी चहानंतर इथेच थांबा, कागद घेऊन बसू आपण.