एकाच पेन्शनवर वेगवेगळे शिक्के

म्हातारपणी कामगाराला कायद्यानं ठरावीक रक्कम मिळावी, हे धोरण उदारमतवादी (लिबरल) की पुराणमतवादी (कॉन्झर्व्हेटिव्ह)? उत्तर द्यायचं तर आधी देश आणि साल सांगावं लागेल.

जर्मनी, १८८९. चॅन्सेलर ओटो फॉन बिस्मार्क जमीनदार घराण्यातला, राजेशाहीचा कट्टर पाठीराखा. १८७८ मध्ये त्यानं समाजवादी संघटनांवर आणि त्यांच्या वृत्तपत्रांवर बंदी घातली. मग १८८३ मध्ये आजारपणाचा विमा आणला. त्याच्या हप्त्याचे दोन भाग कामगार भरणार, एक भाग मालक. १८८४ मध्ये अपघात विमा आला आणि १८८९ मध्ये वयाच्या ७० व्या वर्षापासून पेन्शन. हिशेब सरळ होता: कामगाराची भाकरी राज्याशी बांधली गेली, तर तो क्रांतीच्या वाटेला जाणार नाही. या सक्तीच्या विम्याला विरोध करणाऱ्यांत ऑयगेन रिश्टरसारखे उदारमतवादी आघाडीवर होते. सरकारनं माणसाच्या व्यवहारात हात घालणं हाच त्यांना स्वातंत्र्यावरचा घाला वाटे.

ब्रिटन, १९०८. इथे पेन्शन आणली ती लिबरल पक्षानं. सत्तरी गाठलेल्या गरिबाला आठवड्याला ५ शिलिंगपर्यंत, तेही हप्ता न भरता. खुल्या व्यापाराचा कैवार घेऊन वाढलेला हा पक्ष इथवर आला, कारण त्याच्या विचारवंतांनी प्रश्नच बदलला होता: उपाशी आणि आजारी माणूस स्वातंत्र्य वापरणार तरी कसं?

अमेरिका, १४ ऑगस्ट १९३५. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट म्हातारपणीच्या पेन्शनच्या, म्हणजे सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही करतात. १९३७ पासून वर्षाच्या पहिल्या ३,००० डॉलर पगारावर १ टक्का कामगाराकडून, १ टक्का मालकाकडून. रूझवेल्ट स्वतःला लिबरल म्हणवत. पण १९३२ च्या निवडणुकीत त्यांच्याकडून हरलेले हर्बर्ट हूव्हरही खरा लिबरल मीच, असं सांगत होते. तो वाद हूव्हर हरले, आणि अमेरिकेत लिबरल म्हणजे सरकारी मदतीच्या बाजूचा, असा अर्थ रुजला.

मग अमेरिकेतल्या त्यांच्या विरोधकांनी कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून जपायचं काय? तिथे राजा नव्हता, सरदार नव्हते, राष्ट्रीय चर्च नव्हतं. होतं ते १७८७ चं संविधान, मर्यादित सरकार, खाजगी मालमत्ता. म्हणजे युरोपातल्या जुन्या उदारमतवाद्यांचीच मिळकत. बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे.

त्यामुळे अमेरिकेतला अर्थ बाहेर नेला की बातमी चुकते. रॉबर्ट मेंझीस यांनी १९४४ मध्ये उभारलेला ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष तिथला प्रमुख उजवा पक्ष आहे. जपानचा १९५५ चा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष पुराणमतवादी आहे. फ्रान्समध्ये लिबरल म्हटलं की खुल्या बाजाराचा समर्थक. आणि ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्ता ताब्यात घेऊ पाहणाऱ्या आठ जणांना जगभरातली वृत्तपत्रं कट्टर पुराणमतवादी म्हणत होती. ते वाचवू पाहत होते सोव्हिएत व्यवस्था.

म्हणून पक्षाच्या नावावर थांबू नये. तो काय जपतो आहे? मोकळीक कुणापासून मागतो आहे: राजापासून, धर्मसंस्थेपासून, कर घेणाऱ्या सरकारपासून, की मालकापासून? शिवाय पैशाचा प्रश्न आणि खाजगी आयुष्याचा प्रश्न वेगवेगळा विचारावा. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देणारा पहिला देश नेदरलँड्स. २००१ मध्ये तो कायदा अमलात आला, तेव्हाच्या सरकारात मजूर पक्ष होता आणि कमी करांचा आग्रह धरणारा व्हीव्हीडी हा उजवा लिबरल पक्षही.

ब्रिटनमध्ये असा कायदा २०१३ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारनं आणला. विवाहामुळे माणसं एकमेकांना बांधली जातात, म्हणून तो सर्वांना खुला करणं हेच कॉन्झर्व्हेटिव्ह धोरण, अशी त्यांची मांडणी. फेब्रुवारीतल्या मतदानात विधेयक मोठ्या बहुमतानं पुढे गेलं. पण त्यांच्याच पक्षाच्या खासदारांत बाजूनं पडलेल्या मतांपेक्षा विरोधातली मतं जास्त होती.