पत्रीतला मरवा

इंदूरच्या जुन्या वस्तीतली ही गच्ची. सकाळचं ऊन कठडा ओलांडून कुंड्यांवर आलंय. राखाडी झाक असलेली, करंगळीच्या नखाएवढी ही पानं मरव्याची. मरवा तुळशीच्याच कुळातला, मूळचा सायप्रस-तुर्कस्तानकडचा. पण आपल्याकडे अबोलीच्या गजऱ्यात तो इतका मुरलाय, की त्याला परका म्हणवत नाही.

गणपतीच्या एकवीस पत्रींत मरवा लागतो, तोही भाद्रपदात. पंचाईत तिथेच आहे. त्याला दिवसाचे सहा तास तरी ऊन हवं आणि मुळाशी साचलेलं पाणी मुळीच नको. माळव्याची काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते. अशा जमिनीत लावलेला मरवा श्रावणातच मुळापासून कुजतो.

म्हणून कुंडी, आणि तीही मातीचीच. या गच्चीवरच्या काकूंनी तळाच्या भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा ठेवलाय. निम्मी माती, उरलेल्यात जाड रेती जास्त आणि कुजलेलं शेणखत थोडं. रेती तळहातावर चोळून बघतात. बोटांना खरखरीत लागली तरच कुंडीत जाते.

बी धुळीसारखं बारीक, रुजवायला नाजूक. त्यापेक्षा फांदी बरी. थंडी ओसरताना चार बोटांचा कोवळा शेंडा घ्यायचा, कळी नसलेला. खालची पानं अशी अलगद खुडायची, उघडी झालेली पेरं ओल्या रेतीत खोचायची. हा बघा, बोटांना लागलेला वास धुतला तरी जात नाही! तीन-चार आठवडे सावली, मग हळूहळू ऊन. मे महिन्यात पाणी सकाळी, वरची माती बोटाला कोरडी लागली की.

शेंड्यांवर हिरव्या गाठी दिसताहेत ना? या कळ्या. त्या फुलण्याआधीच छाटणी करायची, तेव्हा वास सगळ्यात दाट असतो. कात्री मात्र हिरव्या भागातच चालवायची, जुन्या लाकडात नाही. पावसाळ्यात कुंड्या विटांवर चढतात आणि पत्र्याखाली, उजेडाच्या कडेला जातात.

बाजारच्या जुडीत मरव्याच्या नावानं भलतीच पानं येतात, आणि पत्रीपायी रानातली झुडपं ओरबाडली जातात.

दोन-तीन वर्षांत मरव्याचं खोड लाकडी होतं, वाढ मंदावते. त्याआधीच त्याच्या फांद्या लावून ठेवा. एका झुडपातून चार कुंड्या होतात. चतुर्थीच्या आत एकेक कुंडी शेजाऱ्यांना देऊन टाका.