हिंमत नंतर, आधी नळी

(इंदूरला लोकमान्य नगरातल्या आमच्या ज्येष्ठ मंडळींसमोर बोललो होतो, त्याचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप केलंय. थोडं कापलंय, थोडं तसंच ठेवलंय.)

नमस्कार. बसूनच बोलतो, राग मानू नका.

आधी ज्यांनी बाहेर ती प्लायवूडची फळी टाकली त्यांना थँक्यू. आपल्या या हॉलला २ पायऱ्या आहेत, माझी मुंज पण इथेच झाली आणि २०१३ पर्यंत मला सुद्धा त्या पायऱ्या कधी दिसल्या नव्हत्या. त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी गच्चीवरची टाकी बघायला शिडीवर चढलो आणि खाली आलो तो पाठीवरच. डी-१२ चा मणका, म्हणजे बरगड्या संपतात ना साधारण तिथला. कमरेखाली सगळं बंद. आणि लोकांना वाटतं बंद म्हणजे फक्त पाय. तर आज मी पायांबद्दल बोलणारच नाहीये. मला सांगितलंय "आजारातून मन कसं सावरावं" यावर बोला, आणि मी जे बोलणारे ते थोडं घाणेरडं वाटेल, काकूंनी माफ करावं, पण माझं मन लघवीपासूनच सावरायला लागलं.

कसंय, ऑपरेशन झालं एका हॉस्पिटलात, नाव घेत नाही, सर्जन चांगले होते. पण "हा आता चालणार नाही" हे त्यांनी माझ्या दादाला कॉरिडॉरमधे सांगितलं. दादाने आईला सांगितलं, आईने सगळ्या सुदामा नगरला सांगितलं असणार, मला मात्र ३ आठवडे कोणी काही बोलेना. मी विचारलं की "होईल हो, हिंमत ठेवा." रोज संध्याकाळी लोक यायचे, नारळपाणी घेऊन, आणि प्रत्येक जण जाताना खांद्यावर हात ठेवून हिंमत ठेव म्हणायचा. खांद्यावर कळायचं मला, तेवढं शाबूत होतं! पण हिंमत ठेवू कुठे? पलंगाला युरीन बॅग लटकलेली, चादरीखाली डायपर, आणि मावशी आल्या की आई ती बॅग पदराने झाकायची. ते झाकणं मला मणक्यापेक्षा जास्त लागलं.

घरी आल्यावर मी पाणी प्यायचं सोडलं. डिप्रेशन वगैरे नाही, साधा हिशोब, पाणी प्यायलो की लीक होणार, लीक झालं की आईला उठवायचं, रात्री २ वाजता, ६५ वर्षांची बाई. मग ताप आला, थंडी वाजून, लघवीचं इन्फेक्शन, परत अॅडमिट. असं दोनदा झालं. सगळे म्हणत होते याचं मन खचलंय. अहो मन नाही, मूत्राशय भरलं होतं!

मग एका रिहॅब सेंटरला गेलो, तिथे शिकवायला डॉक्टर आले नाहीत, एक माणूस व्हीलचेअरवर आला, माझ्याच वयाचा, आणि म्हणाला बाकी राहू दे, आधी नळी शिक. दर ४ ते ६ तासांनी लघवीच्या जागेतून स्वतः नळी घालायची, मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं, नळी काढायची. कायमची बॅग नाही. मला ११ दिवस लागले. ज्या दिवशी पहिल्यांदा सकाळी कोरड्या चादरीवर उठलो ना, त्या दिवशी मी दादाला फोन करून पोहे मागवले, वर जीरावण मसाला जास्त. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी काहीतरी मागितलं होतं.

ही नळीची गोष्ट जुनी नाही बरं का. १९७२ साली अमेरिकेत मिशिगनला जॅक लॅपिडिस नावाच्या युरोलॉजिस्टने मांडलं की नळी निर्जंतुकच पाहिजे असा हट्ट नको, हात धुऊन स्वच्छ घातली तरी चालते, महत्त्वाचं हे की मूत्राशय वेळच्या वेळी रिकामं व्हावं. तोपर्यंत हे काम नर्सने ग्लोव्ह्ज घालून करायचं, म्हणजे माणूस हॉस्पिटलला बांधलेला. आणि बघा, त्याच १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात पॅरालिंपिकचं गोल्ड मारलं. ६५ च्या लढाईत गोळ्या लागलेला जवान. त्यांच्यावर सिनेमा आला तेव्हा मला ३०-४० जणांनी ट्रेलर पाठवला, "बघ, शिक काहीतरी". पेटकरांना माझा साष्टांग, पण माझं आयुष्य त्या वर्षीच्या मेडलपेक्षा त्या वर्षीच्या नळीने जास्त बदललं. लॅपिडिसवर कोण सिनेमा काढणार!

(इथे घड्याळ वाजलं.)

एक मिनिट थांबा. हा माझा अलार्म आहे, दर अर्ध्या तासाने. असं पुढे वाकून, छाती मांडीकडे, एक-दोन मिनिटं राहायचं म्हणजे बुडाखाली रक्त फिरतं. तुम्ही आत्ता या खुर्च्यांवर किती वेळा हललात तुम्हाला माहीत पण नाही, तुमचं शरीर आपोआप करतं, माझ्याकडून निरोपच येत नाही. एकदा लग्नात बॉलपेनचं टोपण माझ्या सीटवर पडलं होतं, मी त्यावर ४ तास बसलो, दोन पंगती उठल्या, मला काही नाही. घरी येऊन आरशात बघितलं, रोज आरसा धरून बघावंच लागतं, तर टोपणाचा ठसा, क्लिपसकट, जांभळा. त्या ठशाची जखम झाली आणि तिने मला ७ आठवडे पालथं झोपवलं. ७ आठवडे! मन खचायला आणखी काय लागतं? पालथा माणूस फक्त फरशी बघतो.

तर हे क्रमाचं प्रकरण आहे. इंग्लंडमधे स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन म्हणून डॉक्टर होते, हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेले ज्यू, त्यांनी १९४४ ला मणक्याच्या जवानांचा वॉर्ड सुरू केला. त्याआधी असे जवान बहुतेक वर्ष-दोन वर्षांत जायचे, तेही मणक्यामुळे नाही, बेडसोअर, म्हणजे एका जागी पडून दाबाने होणाऱ्या जखमा, सडून आणि लघवीच्या इन्फेक्शनने. गुटमनने काय केलं तर दर २ तासांनी कूस बदला, रात्री पण, आणि रात्री स्वतः फेऱ्या मारून बघायचा बदलली का. मग कामाला लावलं, मग खेळ. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी त्याने १६ जणांची तिरंदाजी ठेवली, आजचं पॅरालिंपिक त्यातूनच आलं. लोक तिरंदाजीची गोष्ट सांगतात, प्रेरणा म्हणून. रात्रीची कूस कोणी सांगत नाही. अहो कूस बदलली नसती तर धनुष्य धरायला उरलं कोण असतं?

आता सुखाबद्दल. व्हॉट्सअॅपवर फिरतं की लॉटरी लागलेला आणि लकवा झालेला, दोघं वर्षभरात सारखेच सुखी होतात. ते १९७८ च्या ब्रिकमन वगैरे मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासावरून आलंय आणि चुकीचं आलंय. त्यात लकवा झालेले २९ जण होते, ५ पैकी सुखाचे मार्क त्यांनी सरासरी २.९६ दिले, लॉटरीवाल्यांनी ४, आणि तुमच्यासारख्या साध्या लोकांनी ३.८२. म्हणजे सारखे नाहीत, कमीच. पण बघणाऱ्याला वाटतं तसं शून्यही नाही. मला त्यातला दुसरा आकडा जास्त आवडतो, त्यांना विचारलं अपघाताआधी किती सुखी होता, तर म्हणाले ४.४१, साध्या लोकांनी स्वतःच्या मागच्या दिवसांना ३.३२ च दिलं होतं. म्हणजे आम्ही लोक जुनं आयुष्य पॉलिश करून ठेवतो. मी स्वतः अनेक वर्षं सांगायचो की मी रंगपंचमीच्या गेरमधे, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर काय नाचायचो. बायको एकदा म्हणाली, तुम्ही कधी नाचला होतात, कोपऱ्यात उभे राहून मोबाइल सांभाळायचात सगळ्यांचे. खरं आहे ते.

डोक्याला मार लागलेल्यांचं वेगळं, त्यावर मला हक्काने बोलता येणार नाही, पण सेंटरला माझ्या शेजारी एक जण होता, बाइकवरून पडलेला, चालायचा, बोलायचा, बाहेरून एकदम फर्स्टक्लास. आंघोळीला बस म्हटलं तर बसायचा, कोणी सांगितलंच नाही तर दिवसभर टॉवेल हातात घेऊन कॉटवर. त्याची बायको म्हणायची आळशी झालाय, मुद्दाम करतो. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की कधीकधी "सुरुवात करणं" हेच जातं, इच्छा असते, स्टार्टर नसतो. हे तिला कोणीतरी चित्र काढून समजावलं, मग तिने भिंतीवर कागद लावला, ७ ला उठणे, ७.१० ला ब्रश, असं. भांडणं अर्ध्यावर आली. माझी व्हीलचेअर दिसते म्हणून लोक दार तरी धरतात, त्याचं काहीच दिसायचं नाही.

आणि सगळं नळीनेच सुटतं असं माझं म्हणणं नाहीये. लघवी, कातडी, झोप सगळं जागेवर असून पण मला दुसऱ्या वर्षी ४ महिने काही नकोसं झालं होतं, गच्चीचा जिना बघत बसायचो. कळतंय ना मी काय म्हणतोय. तेव्हा सायकिअॅट्रिस्टकडे गेलो, गोळ्या घेतल्या, उपयोग झाला. आता तर सरकारचा टेलीमानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठी हिंदी दोन्ही बोलतात. नवरा-बायकोच्या गोष्टी पण डॉक्टरला विचाराव्या, त्यावरही इलाज असतात, आपल्याकडे डॉक्टरच लाजतो, जाऊ दे, पुढच्या ओळीत माझ्या शाळेतल्या बाई बसल्यात.

शेवटी मघाशी आप्पांनी चहाच्या वेळी विचारलं की असा पेशंट बघायला जावं तर बोलावं काय. माझा एक मित्र होता, तो आला तेव्हा नारळपाणी नव्हतं, खिशात मेजरिंग टेप होती. हिंमतीचं नावसुद्धा काढलं नाही. सरळ बाथरूमकडे गेला, दार मोजलं, २२ इंच. मग माझी खुर्ची मोजली, २५. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "चौकट काढावी लागेल, उद्या मिस्तरी घेऊन येतो, आई, सिमेंटची धूळ होईल, भांडी झाका." आणि दुसऱ्या दिवशी ९ वाजता आला.