पोटाचं ऑपरेशन झालं, पंगतीचं कोण करणार?

नमस्कार. मंडळाच्या पत्रिकेवर विषय छापलाय "लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : समज आणि गैरसमज", आणि खाली माझं नाव, त्यामुळं दोघीतिघींनी मला मघाशी जिन्यातच डॉक्टर म्हणून हाक मारली. मी डॉक्टर नाही हो. एका पतसंस्थेत कॅशियर आहे, इथंच सांगलीत विश्रामबागला राहते, आणि माझी स्वतःची स्लीव्ह, म्हणजे वजनासाठी जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, झालेली आहे, एवढीच माझी पात्रता. म्हणजे मी बोलणार ते टेबलावर झोपलेल्या माणसाच्या बाजूनं.

मला एका गोष्टीचं फार नवल वाटतं. आपल्या शेजारी मिरजेला वानलेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना काढला, तेव्हापासून अथणी-विजापूरकडनं माणसं इथं ऑपरेशनला येतात, आपल्या भागाला ऑपरेशनचं काय अप्रूप राहिलंय? गुडघा बदलला की आपण एक्स-रे घरोघरी दाखवतो, पित्ताशयातले खडे तर बाटलीत घालून शोकेसमध्ये ठेवलेले बघितलेत मी. पण वजनाचं ऑपरेशन म्हटलं की आवाज एकदम खाली येतो. माझ्या वेळी सोसायटीत बातमी फिरली की हिला अल्सर झालाय, आणि ती बातमी आमच्या सासूबाईंनीच पेरली होती हे मला नंतर कळलं. त्यांनाही दोष देत नाही मी. "सुनेचं पोट खाऊन खाऊन कापायला लागलं" असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि लोक म्हणतातच. पैसे टाकून बारीक झाली, शॉर्टकट मारला, सकाळी उठून आमराईत चार फेऱ्या मारायला काय झालं होतं. अहो, आमराईतल्या वॉचमनला मी पाठ झाले होते! जीएम डायट झालं, भात बंद झाला, लिंबूपाणी झालं, दर वेळी पाच-सहा किलो जायचे आणि सात-आठ परत यायचे. मला वाटायचं माझ्यातच दम नाही. नंतर समजलं की शरीर वजन राखायला बघतं, तुम्ही खाणं कमी केलं की भूक लावणारं हार्मोन वाढतं आणि बसल्याजागी जळणाऱ्या कॅलरीज कमी होतात, म्हणजे तुम्ही जेवढं ढकलाल तेवढं ते उलटं ढकलतं. थोड्या वजनाला हे जमून जातं, नाही असं नाही, व्यायाम करून दहा किलो कमी केलेल्या बायका या सभागृहात असतील आणि त्यांचं कौतुकच आहे. पण माझी उंची १५८ सेंटीमीटर, वजन १०८, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ४३ च्या पुढं, शुगर, गुडघे, आणि झोपेत श्वास अडकायचा तो वेगळाच. आमच्या ह्यांनी माझं घोरणं मोबाईलवर रेकॉर्ड करून मला ऐकवलं, मी हसले, मग मधेच आवाज बंद झाला, बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम गुदमरल्यासारखा श्वास. तेव्हा हसू थांबलं.

आता ऑपरेशन म्हणजे नक्की काय करतात ते सांगते, कारण निम्म्या लोकांना वाटतं की पाइप घालून चरबी ओढून काढतात. ते लायपोसक्शन, ते वेगळं, त्यात सौंदर्याचा भाग जास्त. बॅरिॲट्रिक म्हणजे जठरावरचं काम, दुर्बिणीनं, पोटावर चार-पाच छोटी भोकं पाडून. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून बाहेर काढतात, राहते ती केळ्याएवढी नळी, शंभर-दीडशे मिली मावेल अशी. जो भाग जातो त्यातच भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, बरंचसं तयार होत असतं, म्हणून नुसती जागा कमी होत नाही तर भूकच कमी लागते. हे मात्र परत जोडता येत नाही, काढलं ते काढलं. बायपासमध्ये जठराची वरची एक छोटी पिशवी वेगळी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, शुगरवाल्यांना तो पुष्कळदा सुचवतात, कारण त्यात वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत शुगर खाली यायला लागते. हे काही कालचं फॅड नाहीय. अमेरिकेत आयोवामध्ये एडवर्ड मेसन म्हणून सर्जन होते, अल्सरसाठी जठर कापलेले पेशंट बारीक होतात आणि तसेच राहतात हे त्यांनी बघितलं, आणि १९६६ साली वजनासाठी म्हणून बायपास केला. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन केलेले आणि न केलेले असे हजारो लोक वर्षानुवर्षं तपासत राहिले, २००७ ला निकाल छापला, ऑपरेशनवाल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. तर "हौस" म्हणणाऱ्यांना एवढं सांगा. मी तर सांगून सांगून दमले.

कुणाला करतात, हा पुढचा प्रश्न असतोच. आपल्या लोकांना कमी वजनालाही शुगर-बीपी धरतं, म्हणून भारतात डॉक्टर बरीच वर्षं बीएमआय ३७.५, आणि सोबत आजार असतील तर ३२.५ अशी रेघ धरायचे, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती अजून खाली आणली. पण विम्याची रेघ वेगळी आहे बरं का. पॉलिसीत साधारण असं असतं की बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, आणि शिवाय वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरलेला काळ थांबायचं. म्हणजे डॉक्टर म्हणणार करा आणि विमा म्हणणार बसत नाही, अशी मधे लटकलेली माणसं खूप आहेत. खर्च लाखांत जातो, तर आधी पॉलिसी काढून चष्मा लावून वाचा, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, कॅशियर म्हणून सांगते.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस लिव्हर लहान व्हावं म्हणून कमी कॅलरीचं खाणं देतात, नंतर दोन आठवडे पातळ, ताक, मुगाचं पाणी, प्रोटीन पावडर, मग वाटलेलं, मग मऊ. दुखणं मला वाटलं त्यापेक्षा कमीच होतं. अवघड होतं ते पुढचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. घोट घोट प्यायचं. आणि दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन, आता एका अंड्यात सहा-सात ग्रॅम, चार घासांच्या पोटात ते बसवायचं कसं? म्हणून ताटातलं प्रोटीन आधी, भाकरी शेवटी, राहिली तर राहिली. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीनं गेले, मी घाबरले, परत आले पण वेणी काही पहिल्यासारखी नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी, हे जन्मभर. लोक सहा महिने घेतात आणि बारीक झालो म्हणून सोडून देतात, मग पायाला मुंग्या येऊन फिरत बसतात.

पण हे सगळं डॉक्टर सांगतात, फाईलमध्ये छापलेलं असतं. छापलेलं नसतं ते घरातलं. आमच्या घरात ऑपरेशननंतर पहिलं संकट कसलं आलं माहितीय? उरलेल्या भाताचं. हसू नका, खरं सांगते. इतकी वर्षं रात्री पातेल्यात उरलेली आमटी, अर्धी भाकरी, मुलाच्या ताटात राहिलेला भात, हे कुठं जायचं? माझ्यात जायचं. टाकवत नाही आपल्याला, अन्न आहे. आणि आता ती जागाच बंद झाली! सासूबाई पातेलं घेऊन उभ्या, "आता ह्याचं काय करू?" मग हळूहळू घरात तांदूळ मोजून घ्यायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदा. मला कधीकधी वाटतं माझ्या वजनातले निम्मे किलो माझ्या भुकेचे नव्हतेच.

आणि पंगत. तासगावला भाचीचं लग्न होतं, ताटात जिलेबी, पुरी, मसालेभात, आणि प्रोटीन म्हणाल तर वाटीभर मटकीची उसळ. मी उसळ खाल्ली आणि थांबले. वाढप्याचं सोडा, नात्यातल्या बायका उठून आल्या, एक तरी घे, माझ्या हातची घे, पोरीच्या लग्नात उपाशी उठतेस होय. आपल्याकडं नको म्हणणं हा अपमान असतो ना! तिथं मी काय घ्रेलिन समजावून सांगणार? एका मावशींनी तोंडात घासच घातला, तो अडकला छातीत, आणि मी मंडपामागं जाऊन ओकून आले. माझ्या बरोबर वॉर्डात एकजण होते, त्यांचा बायपास, त्यांना कुणीतरी असेच आग्रहानं दोन पेढे खायला लावले, अर्ध्या तासात घाम, धडधड, हातपाय थरथर, घरच्यांना वाटलं हार्ट अटॅक. डंपिंग म्हणतात त्याला, साखर एकदम आतड्यात उतरली की होतं. आग्रह करणाऱ्यांचं प्रेम खोटं नसतं, पण मी आता स्पष्ट सांगते, "मावशी, डॉक्टरांनी टाके घातलेत", टाके म्हटलं की बायका मागं सरतात. टाके कधीच विरघळलेत, पण चालतंय.

दुसरी एक गोष्ट बायका फारशा बोलत नाहीत म्हणून मी बोलते. मार्च एंडला आमच्याकडं रात्री नऊ-नऊपर्यंत बसायला लागतं, ताळा लागेना झाला की माझ्या ड्रॉवरमध्ये भडंगाची पुडी असायचीच, मॅनेजर ओरडले भडंग, व्हाउचर सापडेना भडंग. ऑपरेशननंतरच्या पहिल्या मार्चला ते करता येईना आणि मला अक्षरशः काय करावं सुचेना, चिडचिड, बाथरूममध्ये जाऊन रडले. खाण्याचा आधार गेला की आतलं सगळं वर येतं. काउन्सिलरकडं जायला सांगतात ना, तिथं जा, फी फुकट जात नाही. आणि गंमत बघा, पुढं पोट जरा सैल पडल्यावर तेच भडंग परत जायला लागलं. चिकनचा तुकडा अडतो, पण भडंग, बिस्किट, आईस्क्रीम काही अडत नाही, सरकत जातं. वजन परत येतं ते असंच. माझं ७२ पर्यंत उतरलं होतं, आता ७७ ला थांबलंय. शुगरची गोळी बंद आहे पण तपासणी चालू आहे, कारण ती परत येऊ शकते. ॲसिडिटी मात्र वाढली, स्लीव्हमध्ये ते होतं, आधीपासून जळजळ असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. काहींना भराभर वजन उतरताना पित्ताचे खडे होतात, क्वचित शिवण गळते आणि ते जिवावर बेतू शकतं. आणि पोटाची कातडी लोंबते, तिला व्यायामाचा काही उपयोग नाही, साडीत झाकते.

वजन उतरवायच्या इंजेक्शनचं आता सगळे विचारतात. मौंजारो २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडं आलं, वेगोवी त्यानंतर जूनमध्ये. चांगली औषधं आहेत, ज्यांना चालतात त्यांनी जरूर घ्यावीत, पण बंद केली की वजन बऱ्यापैकी परत येतं, तेव्हा दरमहाचा हिशोब धरूनच सुरुवात करा. आणि तेही गुपचूपच घेतायत लोक, फ्रिजमध्ये लोणच्याच्या मागं ठेवून.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय, नाव नाहीय, वाचते. "मुलगी २३ वर्षांची, वजन ९५, स्थळं परत जातात, लग्नाआधी ऑपरेशन उरकून घ्यावं का?" उरकून. बरं. एक तर ऑपरेशननंतर साधारण वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात, वजन उतरत असताना आईचंच पोषण धड नसतं, आणि आपल्याकडं लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून विचारायला सुरुवात होते, तर तो हिशोब आधी करा. दुसरं, सासरी ती रोजच्या गोळ्या कुणासमोर घेणार, ताटात दोन घास घेऊन उठली तर काय सांगणार, लपवणार का? लपवून हे जमत नाही. तिची पाळी, थायरॉईड, शुगर, झोप, हे तपासलंय का ते चिठ्ठीत नाही, स्थळं तेवढी आहेत. मी हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही, वजन तिच्या तब्येतीला त्रास देत असेल तर लग्न ठरो न ठरो, डॉक्टरांकडं जायलाच पाहिजे. ज्यांनी चिठ्ठी लिहिलीय त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटा, नाव सांगू नका हवं तर. मुलीला घेऊन या. आधी मी तिच्याशी एकटीशी बोलेन, तुम्ही तोपर्यंत बाहेर चहा घ्या.