सोलर बसवण्याआधी छत बघा!

नमस्कार मंडळी. "सोलर किती किलोवॅटचं बसवू?" हा प्रश्न मला लातूर, बीड, परभणीकडून सारखा येतो. माझा उलट प्रश्न असतो: तुमचं छत कशाचं आहे?

मे महिन्याच्या मध्यावर भरदुपारी सूर्य लातूरच्या अगदी डोक्यावर येतो. भिंतींवर ऊन तिरपं पडतं, छतावर मात्र सरळ. एकमजली घराला सगळ्यात जास्त ताप वरूनच. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो, म्हणून रात्री अकरालाही पंख्याची हवा गरमच लागते. त्यावर एसी लावला, एसीसाठी सोलर वाढवलं, तर पैसे गेले स्लॅबची धग उपसण्यात.

आपली जुनी माळवदं थंड असायची. जाड दगडी भिंती, वर मातीचा थर. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, त्याच दगड-मातीच्या ओझ्याखाली हजारो माणसं गेली. पुढं लोक स्लॅबच्या घरांकडं वळले ते योग्यच होतं. कुणी थंडाव्यासाठी पुन्हा छतावर माती चढवू नका. आपल्याला हवाय तो वजन न वाढवणारा उपाय, आणि तो म्हणजे पांढरा रंग. पांढरं छत ऊन शोषायच्या आधीच बरंचसं परत फेकतं. पत्र्याच्या घरात तर फरक लवकर कळतो.

शेजारच्या तेलंगणानं 2023 मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरण आणलं. आपल्या प्रत्येक घरकुलावर आणि जिल्हा परिषदेच्या शाळेवर पांढरा थर सक्तीचा हवा, असं माझं ठाम मत आहे. दुपारी पोरं पत्र्याखाली बसून शिकतात, हो!

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघितलीय? डोंगरातून नळानं आणलेल्या पाण्यावर दळण व्हायचं, आणि त्याच पाण्याच्या हौदाखालचं दालन उन्हाळ्यातही गार. ऊर्जा आणि गारवा यांचा विचार तिथं एकत्रच केलेला आहे.

आता पंख्यांचा हिशोब. साधा पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, 30 च्या आसपास. चार पंखे रोज 15 तास चालले तर साधे साडेचार युनिट घेतात, बीएलडीसी 1.8. वाचले 2.7 युनिट! एक किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं. म्हणजे नुसते पंखे बदलून पाऊण किलोवॅटच्या जवळपास पॅनल वाचले.

एवढं करून मगच सोलरकडं या. पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किंवा जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. छत पांढरं आणि पंखे बदललेले असतील, एसी नसेल, तर बऱ्याच घरांचं 2 किलोवॅटमध्ये भागतं. शिवाय पॅनलची सावली छताला मिळते. पॅनल स्लॅबला चिकटवू मात्र नका, खालून वारं खेळू द्या. तापलेलं पॅनल वीज कमी देतं.

छत पांढरं करायला चुना लावायचा तर फेब्रुवारीतच लावा. आधी स्लॅब घासून धुवा, तडे बुजवा, ओलसर असतानाच पहिला हात मारा. तो वाळला की आडवा दुसरा. पावसाळ्यात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी नव्यानं लावावा लागेल.