लहेजा आणि लायसन

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

माझी ओळख करून देताना 'भाषेचे अभ्यासक' असं काहीतरी म्हटलं गेलं. ते कृपया मागे घ्या. मी हाडांचा डॉक्टर. उत्तर इंग्लंडात ३४ वर्षं लोकांचे गुडघे आणि खुबे बदलले. पेशंट गुडघ्याविषयी पाच मिनिटं आणि जावयाविषयी वीस मिनिटं बोलतो. ती वीस मिनिटं मी कान देऊन ऐकली, एवढाच माझा अभ्यास. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय : 'बीबीसीची लायसन फी : पुढे काय?' म्हणजे ब्रिटनमध्ये टीव्ही बघणाऱ्या घराने दरवर्षी भरायची ती फी, जिच्यावर बीबीसी चालते. त्यावर मी बोलणार आहे. घाबरू नका. पण माझा रस्ता लहेजाच्या गावावरून जातो, आणि त्या गावात माझे पाय नेहमीच रेंगाळतात.

मी वऱ्हाडातला. 'काहून' म्हटलं म्हणून शाळेत छडी खाल्लेला. हसू नका, तुमच्यातही दोन-चार जण असतील. आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याचं लायसन काढायला वडील दरवर्षी पोस्टात जायचे, तिथे पुस्तिकेवर तिकिटं डकवून घ्यायचे आणि ती पुस्तिका देवघराच्या फळीवर ठेवायचे. लायसन हा शब्द मी मोटारीच्या आधी रेडिओमुळे ऐकला. त्या रेडिओवर रात्री शॉर्टवेव्हच्या खरखरीतून बीबीसी लागायची. निवेदक असं इंग्रजी बोलायचा की वाटायचं, याच्या तोंडात जीभ नसून इस्त्री आहे. मी आरशासमोर उभा राहून त्याची नक्कल करायचो. इंग्लंडात सगळेच असं बोलत असणार, यात मला शंका नव्हती.

१९७९च्या नोव्हेंबरात मी यॉर्कशायरमधल्या एका कोळशाच्या गावी नोकरीवर रुजू झालो. पहिल्या दिवशी पहिला पेशंट बोलला, आणि मला वाटलं हा डच आहे. 'काही नाही'ला 'नाउट', 'काहीतरी'ला 'समट'. एक म्हातारी सारखी 'आय'म स्टार्व्ड' म्हणत होती. मी तिला जेवण आणायला सांगितलं. ताट आलं. तिने ते बाजूला सरकवलं आणि पुन्हा तेच. शेवटी नर्सने येऊन पांघरूण घातलं. तिकडे 'स्टार्व्ड' म्हणजे थंडीने काकडलेली.

ही झाली चटणी. आता जेवण वाढतो. एक निवृत्त खाणकामगार होता, घोटा मोडलेला. प्लास्टर काढलं, क्ष-किरण बघितले, हाड झकास जुळलेलं. मी माझ्या इस्त्रीच्या इंग्रजीत सांगितलं, ''डोन्ट वॉक ऑन इट व्हाइल इट हर्ट्स.'' म्हणजे, दुखत असताना चालू नका, दुखायचं थांबलं की चाला. साधी गोष्ट. दहा दिवसांनी तो चाकाच्या खुर्चीतून परत आला. पाय जमिनीला लावलेला नाही. मांडीचा स्नायू वितळून गेलेला. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाला, अजिबात नाही. मग चालत का नाही? तो माझ्याकडे असा बघत राहिला, की डॉक्टरला वेड लागलंय. म्हणाला, ''तुम्हीच सांगितलंत ना? मी वाट बघतोय, अजून दुखायला लागलं नाही.''

मंडळी, यॉर्कशायरात 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. कामाची वेळ 'नाइन व्हाइल फाइव्ह' अशी सांगतात, नऊ ते पाच. मी त्या माणसाला सांगितलं होतं, 'दुखेपर्यंत चालू नका.' आणि तो बिचारा आज्ञाधारक. दहा दिवस दुखण्याची वाट बघत पडून राहिला!

(हशा.) हसा, पण ती चूक कोणाची? मी त्याच्या गावात आलेलो, त्याच्या पायावर उपचार करणारा, आणि मला त्याची भाषा येत नव्हती. त्याला मात्र माझी इस्त्रीची इंग्रजी रोज कानावर पडून समजायची, कारण तीच रेडिओवर होती. त्याची भाषा रेडिओवर नव्हती. असती, तर वऱ्हाडातल्या एका पोराने आरशासमोर तीही घोटली असती.

मग ती इस्त्री कुणी फिरवली, हे मी शोधायला लागलो. बीबीसी १९२२ साली सुरू झाली ती खासगी कंपनी म्हणून, आणि १९२७पासून राजाच्या सनदेने महामंडळ झाली. सर्वेसर्वा जॉन रीथ. रात्री निवेदकाने डिनर जॅकेट घालून माइकसमोर बसावं, हा त्यांच्या काळचा दंडक. रेडिओवर! बघणार कोण? पण आपल्याकडेही फोनवर साहेबांशी बोलताना उभे राहणारे कारकून मी पाहिलेत. तर या रीथनी १९२६ साली एक समिती नेमली, निवेदकांनी कोणता शब्द कसा उच्चारावा हे ठरवायला. अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, त्यांच्यानंतर बर्नार्ड शॉ. तेच शॉ, ज्यांनी फुलं विकणाऱ्या पोरीच्या उच्चारांवर अख्खं नाटक लिहिलं. सचिव आर्थर लॉइड जेम्स, ध्वनिशास्त्रज्ञ. आता गंमत बघा. रीथ स्कॉटिश, शॉ डब्लिनचे आयरिश, लॉइड जेम्स वेल्श. इंग्रजांनी इंग्रजी कशी बोलावी हे ठरवणाऱ्यांत हे तिघे बाहेरचे! बाटगा जास्त कडवा असतो म्हणतात. माझंही तेच झालं होतं म्हणा.

समिती म्हणत होती की आम्ही कोणावर काही लादत नाही, फक्त निवेदकांना सल्ला देतो. पण देशभर ऐकू येणाऱ्या एकमेव आवाजाने सल्ला पाळला, की बाकीच्यांचं बोलणं आपोआप गावठी ठरतं.

मग युद्ध आलं. १९४०पर्यंत बातम्या वाचणारा आपलं नाव सांगत नसे. नाझींनी नकली बीबीसी चालवली तर खरी ओळखू यावी, म्हणून नावं सांगायला सुरुवात झाली. आणि १९४१मध्ये यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्सचा विल्फ्रेड पिकल्स राष्ट्रीय बातम्या वाचायला बसला. असं सांगतात, की जर्मनांना त्याच्या लहेजाची नक्कल करणं जमणार नाही, हाही त्यामागचा हिशेब होता. रात्रीच्या बातम्या संपवताना पिकल्स म्हणाला, ''अँड टु ऑल इन द नॉर्थ, गुड नीट.'' नाइट नव्हे, नीट. आमच्या गावात सगळे असंच म्हणायचे. तक्रारींची पत्रं आली. अशा आवाजात सांगितलेल्या बातमीवर विश्वासच बसत नाही, असा त्यांचा सूर.

हे मला अजून पचत नाही. बातमी तीच, शब्द तेच, फक्त एक स्वर हलला की युद्धाची बातमी खोटी वाटायला लागते?

बरं, आता लायसनकडे येतो. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत, ते मला दिसतंय.

मी जिच्याकडे भाड्याने राहायचो ती एका खाणकामगाराची विधवा. तिच्याकडे कृष्णधवल टीव्ही होता. त्याच नोव्हेंबरात लायसन वाढून रंगीत टीव्हीला ३४ पौंड आणि कृष्णधवलला १२ पौंड वर्षाला झालं होतं. ती बाई पोस्टातून टीव्ही लायसनची बचत-तिकिटं घ्यायची, जमेल तशी, आणि चहाच्या डब्यात ठेवायची. वर्षाच्या शेवटी ती भरून लायसन काढायची. एका रात्री बातम्या चालू असताना मला म्हणाली, ''पैसे मी पण भरते. मग यातला एकही माझ्यासारखा का बोलत नाही?''

माझा सगळा सिद्धांत त्या चहाच्या डब्यातून आलाय. १९२२ साली रेडिओचं लायसन १० शिलिंग होतं. लंडनच्या उमरावालाही १० आणि खाणकामगारालाही १०. १९४६मध्ये टीव्हीचं लायसन २ पौंडांचं आलं, तेही सगळ्यांना सारखं. लोक याला अन्यायाचा कर म्हणतात, गरिबाला जड जाणारा. खरं आहे ते, जड जातोच. पण सारख्या पट्टीत एक गोष्ट दडलेली आहे : ज्याने भरली, त्याचा माइकवर हक्क. जाहिरातीच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीला माझी घरमालकीण हा प्रश्न विचारू शकत नाही. ती तिथे गिऱ्हाईकही नाही, विकला जाणारा माल आहे. आणि तिचे कान स्वस्त आहेत.

हा हक्क कसा वापरतात ते वेल्सने दाखवलं. १९७९च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने वेल्श भाषेतल्या दूरदर्शन सेवेचं वचन दिलं आणि निवडून आल्यावर फिरवलं. वेल्श लोकांनी काय केलं? सुमारे २,००० जणांनी जाहीर केलं, आम्ही लायसन भरणार नाही, तुरुंगात जाऊ. काही जण खरंच गेले. प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे ग्विनफोर इव्हान्स तर म्हणाले, १९८०च्या ६ ऑक्टोबरपासून मी आमरण उपोषणाला बसतो. समोर मार्गारेट थॅचर! ज्या कोणासमोर वाकत नाहीत अशी ख्याती. सरकारने १७ सप्टेंबरलाच माघार घेतली. १९८२च्या १ नोव्हेंबरला एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी सुरू झाली. आपल्याकडे या मार्गाचं नाव काय आहे, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. आणि २०२२च्या एप्रिलपासून त्या वाहिनीचा सार्वजनिक पैसा पूर्णपणे लायसन फीमधूनच येतो. जी फी भरायला नकार दिला, तीच आज तिला पोसते.

(अध्यक्षांची चिठ्ठी.) दहा मिनिटं. बरं. म्हणजे पत्रिकेवर छापलेल्या विषयाला दहा मिनिटं. मग पळतो.

आजची स्थिती. २०२५च्या एप्रिलमध्ये लायसन १७४ पौंड ५० पेन्स झालं. कृष्णधवलचं अजूनही मिळतं, त्या वर्षी ते ५८.५० होतं. दृष्टिहीनांना निम्मी सवलत. ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना २०००पासून फुकट होतं, ते ऑगस्ट २०२०पासून फक्त पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांसाठीची सरकारी मदत, मिळणाऱ्यांना. ही फार मोठी दुखरी जागा आहे, तिच्यावर वेगळं व्याख्यान होईल, पण मला कोणी बोलावणार नाही. लायसन नसताना टीव्ही पाहिला तर १,००० पौंडांपर्यंत दंड, आणि तोही फौजदारी. लायसनं २ कोटी ३० लाखांहून जास्त, पण दरवर्षी घटतायत, कारण तरुण पोरं थेट प्रक्षेपण बघतच नाहीत. बीबीसीची सनद २०२७च्या ३१ डिसेंबरला संपते. म्हणजे निर्णय दारात उभा आहे.

पर्याय कोणते? जाहिराती, हा एक. त्यावर वर बोललो, कान स्वस्त. दुसरा वर्गणी, जो भरेल त्यालाच दिसेल. मग वर्गणी भरणाऱ्यांच्या बोलीतच बातम्या येणार. तिसरा, सरकारी तिजोरी. फ्रान्सने २०२२मध्ये १३८ युरोंची फी रद्द करून हाच रस्ता धरला. आपणही रेडिओ-टीव्हीचं लायसन रद्द केलं आणि खर्च सरकारकडे गेला. मग ताट वाढणाऱ्याकडे बघूनच जेवावं लागतं, यापेक्षा जास्त मी व्यासपीठावरून बोलत नाही. चौथा, जर्मनीचा. २०१३पासून घरटी आकार, टीव्ही असो वा नसो. २०२१पासून महिना १८.३६ युरो. पाचवा, फिनलंडचा, उत्पन्नाच्या प्रमाणात वेगळा कर.

माझं मत जर्मनीच्या बाजूने, थोडा फिनलंड मिसळून. गरिबाला कमी, पण शून्य नको. ते 'शून्य नको' लोकांना टोचतं, मला माहीत आहे. पण माझ्या घरमालकिणीचं लायसन कोणी माफ केलं असतं, तर तिचा प्रश्नही माफ झाला असता.

बीबीसी बदलली नाही असं मी म्हणत नाही. २०११मध्ये अख्खे विभाग उत्तरेला, सॅलफर्डला नेले. पुढच्या वर्षी सकाळच्या बातम्यांचा कार्यक्रमही तिथे गेला. तिथे उत्तरेतल्याच मिडल्सबरोची एक निवेदिका स्वतःच्या लहेजात अर्थकारण समजावून सांगायची. तिला एका प्रेक्षकाने २० पौंड पाठवले, बोलणं सुधारून घ्यायला! पिकल्सच्या वेळी नुसती पत्रं होती, आता सोबत पैसे. तुम्ही लायसन भरून तिला ऐकायचं, वर तिची दुरुस्ती करायलाही पदरचे २० द्यायचे. असे दानशूर... (घंटा.)

हो, हो. थांबतो. सनदेविषयीचे दोन मुद्दे राहिले. स्थानिक रेडिओचा तर मी उच्चारही केला नाही, तो खरं म्हणजे मुख्य मुद्दा होता. प्रश्न असतील तर चहाच्या टेबलाशी या. आणि गुडघ्याविषयी विचारणार असाल, तर रांगेत शेवटी उभे राहा.