एक पेनी आणि एक पत्र

मित्रहो, आज ज्या इमारतीबद्दल बोलायचं आहे, ती फोटोत पाहिली तर कोर्ट वाटतच नाही. लाल विटा, उतरतं छप्पर, पुढे कमानींची ओसरी. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं हे हॅनोव्हर काउंटीचं कोर्टहाउस, १७४० च्या आगेमागे बांधलेलं. व्हर्जिनिया तेव्हा इंग्लंडची वसाहत. काउंटी स्थापन झाली १७२० मध्ये, आणि इंग्लंडच्या गादीवर बसलेला पहिला जॉर्ज मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, म्हणून नाव हे. पण कोर्टाभोवती शहर नव्हतंच. मळेवाल्यांचा मुलूख, जो तो आपापल्या शेतावर विखुरलेला. रस्त्याच्या कडेला कोर्ट आणि समोर खानावळ, एवढाच काय तो पसारा.

तिथे महिन्यातून एकदा कोर्ट भरायचं. त्या दिवशी गर्दी बाजाराची. उधारीचे दावे, मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त, पोरक्या मुलांचं पालकत्व, खानावळीचा परवाना, कुणी कुठला रस्ता दुरुस्त करायचा, सगळं तिथेच ठरायचं. निवडणुकीचं मतदानही तिथेच, सगळ्यांसमोर तोंडाने नाव घेऊन. म्हणजे कोर्ट आणि तहसील कचेरी एकाच ओसरीवर! न्यायासनावर बसणारे वकील नसत, गव्हर्नरने नेमलेले बडे जमीनदार असत, आणि तेही बिनपगारी.

इथला पैसा म्हणजे तंबाखू. सरकारी वखारीत माल तपासून घेतला की पावती मिळे, आणि ती पावती नोटेसारखी हातोहात फिरे. सरकारमान्य चर्चच्या पाद्र्याचा वर्षाचा पगारही कायद्याने १६,००० पौंड वजनाचा तंबाखू. १७५८ मध्ये पीक बुडालं, भाव पौंडामागे सहा पेन्सवर गेला. मळेवाल्यांच्या विधिमंडळाने कायदा केला, की देणी दोन पेन्सच्या हिशेबाने रोखीत चुकवावीत. गणित करून पाहा, एका पाउंडाचे तेव्हा २४० पेन्स. ज्या पाद्र्याला चारशे पाउंड मिळाले असते, त्याच्या हाती पडले एकशे तेहतीस आणि वर चिल्लर. पाद्र्यांनी लंडनला धाव घेतली आणि पुढच्याच वर्षी राजाने तो कायदा नामंजूर केला.

शेजारच्या लुइसा काउंटीचा पाद्री जेम्स मॉरी याने फरकाच्या रकमेसाठी कर गोळा करणाऱ्यांवर हॅनोव्हरला दावा लावला. हा मॉरी शाळाही चालवायचा. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन त्याचाच विद्यार्थी. नोव्हेंबर १७६३ मध्ये कोर्टाने कायद्याच्या मुद्द्यावर मॉरीच्या बाजूने कौल दिला. ज्यूरीने भरपाईचा आकडा ठरवणं तेवढं बाकी. विरुद्ध बाजूच्या वकिलाने अंग काढून घेतलं आणि हरलेला खटला सत्तावीस वर्षांच्या एका पोराच्या गळ्यात पडला. पॅट्रिक हेन्री. समोरची खानावळ त्याच्या सासऱ्यांची. न्यायासनावर अध्यक्ष म्हणून बसलेले त्याचे वडील, जॉन हेन्री. पाद्र्यांमध्ये त्याचा सख्खा काका. घरचंच कार्य म्हणा ना!

१ डिसेंबरला तो उभा राहिला आणि तंबाखूच्या भावाबद्दल बोललाच नाही. लोकांच्या भल्याचा कायदा रद्द करणारा राजा प्रजेचा बाप राहत नाही, तो जुलमी होतो, आणि प्रजेच्या आज्ञापालनावरचा त्याचा हक्क संपतो, असं तो म्हणाला. मॉरीचा वकील ओरडला, हा राजद्रोह आहे. वडील गप्प. ज्यूरी पाच मिनिटांच्या आत परतली. भरपाई : एक पेनी.

हे भाषण अमेरिकेच्या स्वातंत्र्यक्रांतीची नांदी म्हणून सांगतात, आणि ते खोटं नाही. पण मला ज्यूरीची पाच मिनिटं जास्त बोलकी वाटतात. अशी रक्कम शेवटी करातूनच, म्हणजे ज्यूरीत बसलेल्यांसारख्याच सामान्य करदात्यांच्या खिशातून निघाली असती. पाद्र्यांच्या चर्चपासून फुटलेल्या पंथाचे लोकही ज्यूरीत होते.

ज्यांच्या हातांनी तो तंबाखू पिकायचा, ते या खटल्यात कुठेच नाहीत. गुलामांना गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देता येत नसे. त्यांच्यावर गंभीर आरोप असला तर १६९२ पासून वेगळं कोर्ट, ज्यूरीशिवाय. फाशी झालीच, तर भरपाई सरकारी तिजोरीतून मालकाला. तीही एका पेनीची नव्हे. पाद्र्याच्या पगारावरून राजाला जुलमी म्हणणाऱ्या वकिलाकडेही गुलाम होते.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं कळलं कसं? अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात काउंटीने आपलं जुनं दप्तर सुरक्षित राहावं म्हणून राजधानी रिचमंडला पाठवलं. एप्रिल १८६५ मध्ये शहर सोडताना दक्षिणेच्या सैन्याने वखारी पेटवल्या, आग पसरली आणि त्यात बहुतेक दप्तर राख झालं. कोर्टहाउस मात्र जागच्या जागी धडधाकट. कागद घरीच ठेवले असते तर वाचले असते, असं म्हणायचा मोह होतो.

म्हणून त्या दिवसाची जवळून पाहिलेली हकीकत सापडते ती हरलेल्या माणसाच्या पत्रात. निकालानंतर अकरा दिवसांनी मॉरीने आपल्या एका पाद्री मित्राला सगळं लिहून कळवलं. पत्रात चीड आहे : शेरीफला म्हणे प्रतिष्ठित माणसं मिळेनात, म्हणून त्याने सामान्यांतून ज्यूरी गोळा केली. आणि त्याच पत्रात हेही आहे, की कोर्ट उठल्यावर हेन्री मॉरीजवळ आला, बोललो त्याबद्दल त्याने माफी मागितली आणि सांगितलं, की हा खटला मी केवळ लोकप्रिय होण्यासाठी घेतला.